उरलेल्या गोळ्यांचा डबा

घरात ताईला सगळे अर्धी डॉक्टर म्हणायचे. होती ती इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन, पण नात्यात कुणी शिंकलं तरी पहिला फोन तिलाच. तिच्या कपाटात बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. कुणाचा अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सुटला की उरलेल्या गोळ्या त्यात जायच्या. बाबांना लघवीला जळजळ झाली की त्यातूनच दोन दिवसांच्या निघायच्या. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणायचे, बरं वाटतंय, ठेव बाकीच्या. ती ठेवायची, औषध वाया घालवणं तिच्या जिवावर यायचं. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात, हे जन्मभर जंतूंशी गाठ पडलेल्या बाईला कळत नव्हतं थोडंच? पण जंतू लॅबमध्ये असतात, आपल्या घरात नसतात, अशी तिची भाबडी समजूत.

आता बाबा वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात होते. लघवीतले जंतू रक्तात उतरले होते. ते प्लेटवर पसरून, वर औषधांच्या बारीक चकत्या काल तिनेच ठेवल्या होत्या. सहकारी म्हणाला होता, मी करतो, तुम्ही बसा. तिने ऐकलं नाही. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल उरतो. तो पट्टीने मोजायचा, एवढंच काम. वीस वर्षं ती तेच करत आली होती.

सकाळी तिने प्लेटचं झाकण उघडलं. एकाही चकतीभोवती गोल नव्हता. जंतू पार चकत्यांना खेटून वाढले होते. तरी वेड्यासारखी ती एकेका चकतीला पट्टी लावत राहिली. त्यातली तीन औषधं तिच्या डब्यातल्या गोळ्यांचीच होती. तिसरीपाशी तिला रडू फुटलं.

रिपोर्ट तिने स्वतःच वर नेला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. आता त्यांना त्रास कमी होईल एवढंच बघू, असं ते हळू आवाजात म्हणाले. ती मान हलवून आत गेली.

बाबांनी कष्टाने डोळे उघडले. तिला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"आलीस? हे लोक नुसती सलाईनं लावतात गं. तुझ्या डब्यात बघ ना, मागच्या वेळची गोळी असेल. दोन दिवसांत उठून बसतो मी."

"आहे बाबा," ती म्हणाली. "आणते."

आणि त्यांचा हात धरून ती तिथेच बसून राहिली.