दोन वाजताचा चार्ज

"आई, या कपाला आता मूळ फुटायचं तेवढं राहिलंय," लेक म्हणाली आणि तिने ओट्यावरचा कप ओढला. तो निघेना. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा कुठे सुटला, आणि खाली तपकिरी वर्तुळ उरलं.

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून बघत होती. तिला सगळे सिस्टरच म्हणत. इस्पितळातल्या पुरुषांच्या वॉर्डात तिची उभी हयात गेली होती, त्यातली निम्मी तरी वॉर्डाची प्रमुख म्हणून. तिथे चादरीचा कोपरा वाकडा दिसला तर आयाबाईंचा जीव वर-खाली व्हायचा. मोठमोठे डॉक्टर दारातल्या पायपुसण्यावर बूट घासूनच आत पाऊल टाकायचे. आणि निवृत्त होऊन वर्ष होत नाही तोवर त्याच बाईच्या सिंकमध्ये परवाची भांडी आणि खिडकीच्या गजांवर बोटभर धूळ! कुणी सांगितलं असतं तर वॉर्डात कुणी विश्वास ठेवला नसता.

"तू आमच्याकडे चल," लेक म्हणाली. तिने कप घासायला घेतला होता. "खोली रिकामी करून ठेवलीय. येत्या रविवारी मी मोठी बॅग घेऊनच येते."

"का? मी आजारी आहे?"

"घराकडे बघून तसंच वाटतं. बाबा होते तोवर ठीक होतं गं. आता तू एकटी, आणि हे असं. मला रात्र-रात्र झोप लागत नाही."

लेक खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत होती. मग सिस्टर स्टुलावरून उठली.

"मला रविवारपर्यंत वेळ दे. घर लख्ख दिसलं नाही, तर मुकाट्याने कपडे भरते. दिसलं, तर ती बॅग रिकामी परत न्यायची. पुन्हा विषय काढायचा नाही."

"शब्द देतेस?"

"दिला."

लेकीचं घर वाईट होतं का? छे, छे. जावई सोन्यासारखा. पण तिथे तिला कुणी इकडची काडी तिकडे करू दिली नसती. उशी पाठीशी लावून चहा हातात मिळाला असता, गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना पलंगावर बसवून औषध पाजणाऱ्या बाईला आता स्वतः पलंगावर बसायचं नव्हतं. तिला आपल्या घरात, आपल्या पायांवर राहायचं होतं. बास.

आता ठरवणं सोपं असतं हो. सोमवारी सकाळी सिस्टरने बाह्या सरसावल्या, रेडिओ लावला आणि आधी घोटभर चहा घेऊ म्हणून बसली. चहा झाला, गाणी झाली, बातम्या झाल्या, शेतीची माहितीसुद्धा ऐकून झाली. शेती नाही, कुंडी नाही, तरी ऐकली! मंगळवारी तिने झाडू हातात घेतला आणि तो हातात धरून खिडकीपाशी उभी राहिली, ती ऊन सरकेपर्यंत. अंगात ताकद नव्हती असं नाही. जिना ती अजून तरातरा चढायची. पण झाडू टेकला की मनात एकच यायचं, कशाला? कोण बघतंय? पुन्हा उद्या धूळ बसणारच आहे. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने झाडू भिंतीवर आपटला आणि मग झाडूचे तुटलेले हीर वेचत बसली. तेवढीच त्या दिवशीची साफसफाई.

पण रोज एक गंमत व्हायची. दुपारी दोनला ती असेल तिथून उठून उभी राहायची. दोनला सकाळची पाळी संपते आणि दुपारची येते. मग दोघी सिस्टर पलंगामागून पलंग फिरतात, जाणारी येणारीला सांगते, याला काय झालंय, याला काय दिलंय, काय राहिलंय. याला चार्ज देणं म्हणतात. चार्ज दिल्याशिवाय घरी जायचं नाही, मग घरी आग लागलेली का असेना. वॉर्ड सुटला तरी सिस्टरचे पाय ती वेळ विसरले नव्हते.

बुधवारी ती अशीच दोनला स्वयंपाकघरात खुळ्यासारखी उभी होती, आणि दार वाजलं. समोरच्या दारातल्या टायपिस्टबाई. कोर्टात टायपिंग करून त्याही निवृत्त झालेल्या, एकट्याच, जिभेने तिखट.

"सिस्टर, काडेपेटी आहे का? माझी कुठे गडप झालीय देव जाणे. घरात काही सापडेल तर शपथ." बोलता बोलता त्यांनी मान लांब करून आत डोकावलं. "अगंबाई! इथे काय झालं?"

सिस्टरला लाज वाटली. आणि लाजेच्या भरात तोंडातून भलतंच निघून गेलं, तेही वॉर्डातल्या आवाजात.

"ओटा, कालपासून तसाच. सिंक गंभीर. शेगडीला अजून कुणी हात लावलेला नाही."

टायपिस्टबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "नातेवाइकांना कळवलंय का?"

दोघी अशा हसल्या की टायपिस्टबाईंना दाराची चौकट धरावी लागली. काडेपेटी घेऊन त्या गेल्या, पण जाता जाता म्हणाल्या, "उद्या येते हं दोनला. पेशंट कसा आहे बघायला."

त्या थट्टेने म्हणाल्या. सिस्टरने मात्र ते मनावर घेतलं. उद्या दोनला कुणीतरी येणार! आणि हाती द्यायचं काय, तर हे? अर्धवट वॉर्ड हाती देऊन ती जन्मात कधी घरी गेली नव्हती. तिने तिथल्या तिथे पाणी गरम करायला ठेवलं. सिंक घासलं, ओटा घासला, शेगडीच्या जाळ्या सोड्यात बुडवल्या. घासता घासता तिला हसूच फुटलं. इतकी वर्षं तिला वाटायचं, आपल्या अंगातच शिस्त आहे. कुठली शिस्त न् काय! दोनला दारातून कुणीतरी येऊन बघायचं, म्हणून हात चालायचे. मग त्यात कमीपणा कसला? येणारं माणूस नसेल तर शोधायचं, झालं.

गुरुवारी टायपिस्टबाई खरंच आल्या. सिस्टरने त्यांना पुढे घालून चार्ज दिला. ओटा बरा. सिंक बरं. शेगडी सुधारतेय, एक बटण अजून चिकट आहे. टायपिस्टबाईंनी प्रत्येक ठिकाणी बोट फिरवून पाहिलं. कोर्टातल्या बाई त्या, कागदावरचं टिंब सुटायचं नाही त्यांच्या नजरेतून.

"नळाच्या मागे राहिलंय," त्या म्हणाल्या.

"कुठे?" सिस्टर वाकली. राहिलं होतं. तिला वाईट वाटायच्या ऐवजी किती बरं वाटलं म्हणून सांगू! कुणीतरी नीट बघितलं होतं.

"आता माझ्याकडे चला," टायपिस्टबाई म्हणाल्या. "माझा वॉर्ड याहून भयंकर आहे. हसायचं मात्र नाही."

असं ते सुरू झालं. शुक्रवारी बैठकीची खोली, गॅलरी आणि न्हाणीघर झालं. सिस्टर सकाळी उठायची ती दोनच्या हिशेबानेच. गुडघे कुरकुरायचे, तिने दाद दिली नाही. चहा काम झाल्यावर, आणि रेडिओ बंद.

शनिवारी चार्ज देऊन झाला तेव्हा टायपिस्टबाईंनी आतल्या बंद दाराकडे हात केला. "आणि ही खोली?"

"ती माझ्या वॉर्डात नाही."

"म्हणजे? उद्या तुमची लेक ती उघडणार नाही होय?"

सिस्टर खुर्चीत बसली. ती खोली ड्रायव्हरसाहेबांची. तिचा नवरा बस चालवायचा, आणि तिला जसे सगळे सिस्टर म्हणत तसे त्याला ड्रायव्हरसाहेब. दीड वर्षापूर्वी एका पहाटे ते त्याच खोलीत झोपेत गेले होते.

"तुम्हाला एक सांगते," ती म्हणाली. "कुणाला बोलले नाही. लेकीलाही नाही. ते गेले, त्यांना नेलं, लोक आले-गेले. संध्याकाळी मी त्या खोलीत गेले आणि पलंग रिकामा केला. रिकामा म्हणजे वॉर्डात करतो तसा. चादर, उशीचा अभ्रा, पांघरूण, त्यांचा स्वेटर, सगळं उकळत्या पाण्यात. गादी उलटी केली. पलंग जंतुनाशकाने पुसला, लादी पुसली. सामान भिंतीला सरकवलं. दुसऱ्या पेशंटसाठी करतात ना, तसं." तिचा आवाज फाटला. "दुसऱ्या दिवशी वाटलं, त्यांच्या स्वेटरचा वास घ्यावा. तर साबणाचा वास. उशीला साबणाचा. सगळीकडे इस्पितळ. माझ्या हातांनी मी माणूस पुसून टाकला हो. तेव्हापासून फडकं हातात घेतलं की..."

ती रडली, भरभरून रडली. टायपिस्टबाईंनी तिला रडू दिलं. उगाच पाठ थोपटत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मग त्या म्हणाल्या,

"ज्याला जे येतं ते तो करतो, सिस्टर. माझा भाऊ गेला तेव्हा मी ऑफिसात जाऊन दिवसभर दुसऱ्यांच्या जबान्या टाइप केल्या. चूक एक नाही. पण मला सांगा, आता त्या खोलीत काय आहे? धूळच ना?"

"असेल."

"मग ती काही त्यांची नाही. ती नंतर आलीय. तिला कशाला जपताय?"

सिस्टरने नाक पुसलं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने धूळ सांभाळली होती, परक्या कुणाची तरी!

ती उठली, बादली भरली आणि दार ढकललं. आत खोकला यावा इतकी कोंदट हवा. तिने खिडकी उघडली, पडदे उतरवले, आणि पलंग, कपाट, लादी करत दिवेलागणीपर्यंत एकटीने हात चालवला. मध्ये दोनदा बसली. दोन्ही वेळा उठली. फक्त कोपऱ्यातली उंच पाठीची जड लाकडी खुर्ची सरकवायला अंगात त्राण उरलं नाही. तिने ती जागच्या जागी पुसली.

रविवारी लेक मोठी बॅग घेऊन आली. दारातच थबकली. मग चपला काढून सगळ्या घरभर फिरली, सिंकमध्ये डोकावली, गजांवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिली.

"बाई लावलीस का?"

"तोंड सांभाळून बोल."

"आज केलंस गं. पुढच्या महिन्यात काय?"

"पुढच्या महिन्यात ये न सांगता."

लेक आतल्या खोलीत गेली. उघड्या खिडकीतून वारा येत होता. धुतलेले पडदे पलंगावर घडी करून ठेवले होते. "मी चढवते, तू नको चढूस," ती म्हणाली आणि वर चढायला तिने ती जड खुर्ची ओढली. खुर्ची लादीवर करकरत पुढे आली. मागे भिंतीवर, बसल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीवर, तेलाचा डाग होता. पिवळट, हाताच्या पंजाएवढा.

"हे बघ, एवढं राहिलं तुझं," लेक हसली आणि तिने बादलीतलं फडकं पिळून घेतलं.

"थांब!"

वॉर्डभर ऐकू जायचा तसा आवाज होता तो. लेकीचा हात हवेतच राहिला. सिस्टर भिंतीजवळ गेली. ड्रायव्हरसाहेब रोज संध्याकाळी डोक्याला तेल चोपडून इथे भिंतीलगत स्टुलावर बसायचे, मान मागे टाकून. ती ओरडायची, अहो, भिंत खराब होते, मागे टॉवेल घ्या! ते डोळे न उघडता म्हणायचे, सिस्टर, जन्मभर पुढे बघून बसलो, आता जरा मागे टेकू दे. ते गेले त्या संध्याकाळी सामान सरकवताना तिनेच ही खुर्ची इथे भिंतीला घट्ट लावली होती. मागे बघितलं नव्हतं.

तिने वाकून डागाजवळ नाक नेलं. मग लेकीला जवळ ओढलं. लेकीनेही वास घेतला, आणि तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"बाबा," ती म्हणाली.

मग सिस्टरने फडकं उचललं, स्वच्छ पाण्यात पिळलं आणि भिंत पुसायला घेतली. जखमेभोवतीची कातडी पुसतात तशी, अगदी कडेपर्यंत, आणि कडेला न शिवता. लेकीने पडदे चढवले. बॅगेचा विषय तिने काढला नाही. ती बाहेर दाराशी तशीच रिकामी पडली होती.

दोन वाजता दार वाजलं. टायपिस्टबाई आल्या, ओट्यावरून बोट फिरवलं, नळाच्या मागे पाहिलं आणि आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"ही?"

"झाली," सिस्टर म्हणाली. "भिंतीवर एक जागा सोडलीय. तिला कुणी हात लावायचा नाही. तुमच्या पाळीतसुद्धा नाही."