टेपरेकॉर्डर गप्प राहतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पहिलीच्या वर्गातल्या कपाटावर, गुंडाळून ठेवलेल्या नकाशांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. माझे एक बटण तुटले आहे, हँडल सुतळीने बांधलेले आहे आणि स्वभाव, खोटे कशाला सांगू, जळकुकडा आहे. समोरच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला तो टॅब दिसतो ना? त्याला मी पाण्यात पाहतो. का, ते ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलाशी बसलेली एक कामगार बाई प्रत्येक नव्या यंत्राचे लाल बटण दाबून त्यात दोन शब्द बोलायची आणि ते नीट ऐकू येतात का, ते पाहायची. माझ्यात ती म्हणाली, "चला, झाला बाबा एकदाचा." मी ते माझे कौतुक समजलो. बहुधा तिची सुट्टीची वेळ झाली होती.

मला शाळेत आणले ते पहिलीला शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी. वर्गात मुले खंडीभर आणि बाई एकट्या. अर्ध्या मुलांना जवळ घेऊन त्या लिहायला शिकवायच्या, तेवढा वेळ उरलेली अर्धी माझ्याभोवती गोल करून बसायची. बाईंनी स्वतः गोष्टी लिहून, स्वतः चित्रे काढून छोटी पुस्तके केली होती. त्याच गोष्टी त्यांनी माझ्यात सावकाश वाचून भरल्या होत्या. पान संपले की त्या पेल्यावर चमचा वाजवायच्या. टिंग झाले की मुलांनी पान उलटायचे. एका पठ्ठ्याने तर पुस्तक उलटे धरून प्रत्येक टिंगला अचूक पान उलटले होते.

पण बाईंची खरी करामत वेगळीच होती. वाचता वाचता त्या मध्येच एक शब्द गाळायच्या आणि गप्प बसायच्या. तेवढ्या जागेत मुलांनी तो शब्द पुस्तकात पाहून मोठ्याने म्हणायचा. आणि शब्द असे, की अंदाजाने कधी सापडू नयेत. "खार तुरुतुरु खाली आली. तिला सापडले एक..." इथे बाई गप्प. मुले ओरडायची, "फळ!" मग माझ्यातून बाईंचा आवाज यायचा, "बटण. लाल बटण." सगळा गोल हसायचा आणि पुढच्या वेळी प्रत्येकाचे बोट मुकाट्याने ओळीखाली सरकायचे.

बोलणारी यंत्रे पुष्कळ असतात मित्रांनो. वेळेवर गप्प राहणारा मी एकटाच होतो, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या. नव्या बाई आल्या आणि त्यांच्यामागोमाग एका खोक्यातून टॅब आले. मुलांनी त्यांना डोक्यावर घेतले. शब्दाला बोट लावले की टॅब तो शब्द वाचून दाखवणार. अक्षर गिरवले की टाळ्या वाजवणार, वर चांदणी देणार. मला शिपाईकाकांनी उचलून कपाटावर ठेवले आणि जाता जाता माझ्यावर फडके टाकले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्याचे नऊ दिवस, असे मी मनाशी म्हणत राहिलो, पण ते नऊ दिवस काही संपेनात. त्यातही एक गोष्ट मला फार झोंबली. या नव्या बाई लहानपणी माझ्याच गोलात बसून वाचायला शिकल्या होत्या, आणि आता कौतुक त्या टॅबचे करत होत्या.

त्या वर्षी वर्गात दोन जुळ्या बहिणी आल्या. एक काही मिनिटांनी आधी जन्मलेली, म्हणून ती स्वतःला ताई म्हणवून घ्यायची. सगळा वर्गही तिला ताईच म्हणू लागला. धाकटी किरकोळ अंगाची आणि अबोल, तिला सगळे मुंगी म्हणायचे. ताई घडाघडा वाचायची. मुंगी कुठे अडली रे अडली, की ताई तिच्या कानात शब्द टाकायची. ताई शेजारी नसली की मुंगी टॅबवरच्या शब्दाला बोट लावायची, की तो बोललाच. तिच्या नावावर चांदण्यांचा ढीग झाला होता. फडक्याच्या फटीतून मी ते पाहायचो आणि माझ्या पोटात दुखायचे.

वर्ष संपत आले, तशी नव्या बाईंनी मुंगीला एकटीला जवळ बोलावले आणि साधे पुस्तक हातात दिले. तिने पहिल्या शब्दावर बोट ठेवले आणि वाट पाहिली. पुस्तक काही बोलेना. तिने पुन्हा जरा जोरात बोट दाबले.

"अगं, ते नाही बोलायचं," बाई म्हणाल्या. "तू वाच."

मुंगीने मान खाली घातली. ताई जागेवरून उठून म्हणाली, "बाई, मी सांगते ना तिला. मी रोजच सांगते."

"तू बस, बाळा. वरच्या वर्गात जायचं तर हेडसरांसमोर एक पान एकटीनं वाचावं लागतं. तिथं तू नसणार."

"मग ती नाही आली तर मी पण नाही जाणार वर."

"मला इथं एकटीला नाही राहायचं," मुंगी म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा धड ऐकला.

मला वाईट वाटले का? वाटले. पण खरे सांगतो, त्याहून जास्त बरे वाटले. टॅबची फजिती झाली होती ना! आणि बाई तर चक्क माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी स्टुलावर चढून मला खाली काढले, पदराने पुसले, मोठ्या बाईंची कॅसेट आणि खारीचे पुस्तक शोधून काढले. पुस्तक त्यांनी मुंगीच्या मांडीवर ठेवले. ताईला त्यांनी फळा पुसायला पाठवले.

"खार तुरुतुरु खाली आली. तिला सापडले एक..." मी गप्प झालो.

मुंगीने आधी ताईकडे पाहिले, मग टेबलावरच्या टॅबकडे. तेवढ्यात जागा संपली आणि मी म्हणालो, "बटण. लाल बटण." तिला आश्चर्य वाटले. खारीला बटण कशाला, असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. तिने माझे मागे जायचे बटण स्वतः दाबले. बोट ओळीखाली धरले. या खेपेला मी गप्प झालो तेव्हा ती त्या शब्दाकडे नीट पाहत होती.

"ब... ट... ण," ती म्हणाली. तो शब्द तिने आधी ऐकला होता, हे खरे. पण पुढच्या पानावरचा 'मोजा' तिने ऐकलेला नव्हता, आणि तोही तिने काढला.

त्यानंतर रोज आमची जोडी जमायची. टॅब कोपऱ्यात पडलेला दिसायचा आणि माझा आवाज आपोआप खणखणीत निघायचा.

पण माझ्या आतले चाके फिरवणारे रबरी पट्टे जुने झाले होते. हेडसर यायच्या आदल्या दिवशी, गोष्टीच्या शेवटच्या, तिने अजून न ऐकलेल्या पानावर, "खारीने बटण घरट्याच्या दाराला..." इथे मी नेहमीसारखा गप्प झालो, आणि आत कॅसेटची फीत चाकाला गुंडाळली गेली. मी घाबरलो. सगळा जोर लावला, पण आवाज काही येईना. चाके मात्र फिरताना दिसत होती.

मुंगीला काय ठाऊक? तिला वाटले, बाईंनी या वेळी जरा जास्तच जागा सोडली आहे. तिने वाचले, "ला... व... ले." मी गप्पच. तिने माझ्याकडे पाहिले आणि बोट पुढे सरकवले. "आता... पाऊस... आत... येत नाही." पुढची ओळ. मग तिच्यापुढची. फळ्यापाशी ताई डस्टर हातात धरून उभी होती. शब्द तिच्या ओठांवर येत होते, पण तिने तोंड दाबून धरले होते. पान संपले. टिंग काही झाले नाही. मुंगीने मान वर केली.

"बाई, हा आज बोलतच नाही."

"बिघडलाय गं तो," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "सगळं पान तूच वाचलंस."

दुसऱ्या दिवशी मुंगीने हेडसरांसमोर वाचले. अडखळत वाचले, पण एकटीने वाचले. सुट्टीनंतर दोघी बहिणी एकदमच जिना चढून वरच्या वर्गात गेल्या.

माझे काय झाले? बाईंनी पेन्सिल घालून कॅसेट फिरवून पाहिली, पण फीत तुटली होती. मी पुन्हा कपाटावर, फडक्याखाली गेलो. मग त्यांनी काय करावे? त्या सरळ टॅब घेऊन बसल्या, त्याची चांदणी बंद केली आणि खारीची गोष्ट स्वतःच्या आवाजात त्यात भरली. पेल्यावर चमचाही वाजवला. आणि "तिला सापडले एक" म्हणून त्या गप्प बसल्या. मित्रांनो, माझी शांतता त्यांनी त्याला देऊन टाकली! आता पहिलीची मुले त्याच्याभोवती गोल करून बसतात, "फळ!" म्हणून फसतात आणि हसतात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय. मुले त्याच्याकडूनही वाचायला शिकतात, हे मला दिसते. तरी जळायचे ते मी जळतोच.

पण मधल्या सुट्टीत कधी कधी जिन्यावर पावले वाजतात. मुंगी वरच्या वर्गाचे पुस्तक घेऊन येते, स्टुलावर चढते, फडके बाजूला करते आणि माझ्याशेजारी कोपर टेकते. एकदा ताईने दारातून विचारले, "अगं, तो बिघडलाय, तर त्याला काय वाचून दाखवतेस?"

"म्हणून तर," मुंगी म्हणाली. "हा मधे बोलत नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी, तुमच्या बाकावर कोणी अडखळत वाचत असेल, तर तुम्हाला येणारा शब्द क्षणभर तोंडातच धरून ठेवा. यंत्र नवे असो की जुने, तेवढे गप्प राहायला त्यालाही शिकवा. आणि माझ्यावरचे फडके कधीतरी झटका, एवढेच मागणे. आता मी थांबतो. मुंगीने पान उघडले आहे, आणि टॅब तिकडे चार्जिंगला बसून सगळे ऐकतो आहे. जळू दे मेल्याला.