चुन्याच्या रिंगणातला चंद्र

"आला! आला! चंद्र आला!"

सारं खळं एका घशानं ओरडलं. पूर्वेला नीलम्माच्या घरामागून लालभडक कड वर सरकली आणि बघता बघता पुनवेचा सबंध गोळा तिच्या पत्र्यावर येऊन टेकला. अगदी मधोमध. बायांनी हात जोडले. गड्यांनी काठ्या घट्ट धरल्या.

"रगत पिऊन लाल झालाय बघा!" सोमलिंग महाराजांनी त्रिशूळ जमिनीवर आपटला. "म्या काय सांगितलं होतं? भानामती करणारी ज्या घरात हाय, त्याच घरावर आज चंद्र बसंल. बसला का न्हाई?"

"बसला! बसला!"

महाराजांच्या पायाशी नीलम्मा गुडघ्यांवर पडली होती. हात मागं बांधलेले, केस मातीत, हनुवटीवरून रक्त ओघळतंय. भानामती करणाऱ्या बाईचे दात पाडले की तिचे मंत्र निकामी होतात, अशी त्या भागातली जुनी समजूत. दुपारच्या 'चौकशी'त गावातल्या अंगद नावाच्या शेतकऱ्याच्या काठीनं तिचे दोन दात पडले होते. उरलेल्यांसाठी त्यानं घरून पक्कड आणली होती, फक्त चंद्राच्या साक्षीची वाट होती.

नीलम्माचा गुन्हा काय? महिन्याभरात लम्पीनं गावातली निम्मी जनावरं गेली. ही बाई दारोदार फिरून सांगत होती, डॉक्टरला बोलवा, सुई टोचून घ्या. ज्यांनी उशिरा टोचली त्यांची जनावरं मेलीच, कारण रोग आधीच अंगात शिरला होता. अंगदचे दोन्ही बैल असेच गेले. महाराजांना एवढं पुरलं. "सुईतून करणी घातली तिनं," ते म्हणाले.

आणि महाराजांना खोटं कोण म्हणणार? मागच्या पुनवेला त्यांनी बोट दाखवलं आणि चंद्र मारुतीच्या कळसावर बसला. नंतर एका संध्याकाळी मावळता सूर्य त्यांनी दूर टेकडीवर रोवलेल्या त्रिशुळाच्या टोकात अडकलेला सगळ्या गावानं पाहिला. "म्या बोलावलं की येतो बिचारा," महाराज म्हणायचे, जणू सूर्य त्यांच्या घरचा सालगडी होता.

नीलम्माची भाची शिवकन्या उदगीरहून स्कूटीवर पोहोचली ती नेमकी याच वेळी. उदगीरमध्ये ती लग्नाचे फोटो काढायची. नीलम्माच्या शेजारणीनं फोनवर "तुझ्या मावशीला मारून राहिलेत गं" एवढंच सांगितलं होतं. निघतानाच तिनं पोलिसांना कळवलं होतं, पण गाडी यायला वेळ होता. गर्दीत घुसत ती ओरडली, "मावशी! सोडा तिला!"

"बाजूला हो, पोरी," अंगदनं तिला ढकललं. "माझे बैल खाल्लेत हिनं. खुद्द चंद्रानं दाखवलंय!"

शिवकन्यानं वर पाहिलं. मग घराकडं, मग पायाखाली. खळ्यावर चुन्याचं ताजं रिंगण आखलेलं होतं आणि सारं गाव त्यात खेटून उभं होतं.

"हे रिंगण कामून आखलं?" तिनं विचारलं.

उत्तर महाराजांनी दिलं. "गाव बांधलंय म्या! रिंगणाबाहेर जो पाऊल टाकंल, तो रगत ओकून मरंल."

शिवकन्याला सगळं उमगलं. हा चमत्कार तिच्या रोजच्या कामातला होता. उदगीरच्या किल्ल्यावर नवरीच्या तळहातावर चंद्र ठेवलेला फोटो ती असाच काढायची. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या दिशेनं चंद्र उगवेल, हे मोबाइलमधलं अ‍ॅप नकाशावर रेघ ओढून दाखवतं. त्या रेघेवर कॅमेरा लावायचा, नवरीला उभं करायचं. कॅमेरा दोन पावलं सरकला तरी चंद्र तळहातावरून घसरतो.

ती चालू लागली आणि चपलेनं चुना पुसत रिंगणाबाहेर पडली.

"मेली! मेली!" बाया किंचाळल्या.

पाठीमागून, रिंगणाच्या आतूनच, काठी फिरली. शिवकन्याच्या कपाळातून रक्ताची चिळकांडी उडाली.

"रगत! बघा, निघालं रगत!" महाराज आनंदानं ओरडले.

"हे काठीनं निघालंय, चुन्यानं न्हाई!" एका हातानं जखम दाबून धरत ती आणखी पुढं गेली, डावीकडं. "इथून बघा! इथून चंद्र मारुतीच्या देवळावर हाय! या की इकडं! मारुती भानामती करतो का?"

कुणी हललं नाही. "करणीनं डोळे बांधलेत तिचे," महाराज म्हणाले. "अंगदा, उरक! चंद्र वर चालला!"

अंगदनं नीलम्माला उताणं पाडून गुडघा तिच्या छातीवर रोवला आणि बोटं घालून तिचा जबडा फाकवला. पक्कड दातावर आवळली. नीलम्माच्या घशातून निघालेला आवाज ऐकून म्हाताऱ्या साखराबाईनं पदर तोंडावर घेतला. "शिवा शिवा, बघवना रे," एवढंच ती पुटपुटली.

अंगदची लेक अंबिका, चौथीतली. तिलाही ते बघवलं नाही. कान झाकून ती पळत सुटली, रिंगण ओलांडून थेट शिवकन्याकडं.

"अंबे!" तिची आई ओरडली.

पोर थांबली. तिला उलटी झाली नाही, काही झालं नाही. तिनं वर पाहिलं. मग चार पावलं पुढं पळाली, पुन्हा पाहिलं. आणखी पळाली. आणि तिथून जीव खाऊन ओरडली,

"अण्णा! इथून चंद्र आपल्या घरावर हाय! आपल्याच घरावर!"

अंगदचा हात थांबला.

"अण्णा, आता आईचे दात काढणार का?"

अंगद उठला. लेकीच्या हाकेमागं तो रिंगणाबाहेर गेला, तिच्याजवळ उभा राहिला आणि त्यानं मान वर केली. त्याच्या घराच्या धाब्यावर चंद्र बसला होता. तसाच लाल, तसाच मधोमध. त्याच्या हातातून पक्कड गळून पडली.

मग पोरांची भीड चेपली. "हिकडून किशनरावांच्या माडीवर!" "हिकडून शाळेवर!" पोरं धावत होती आणि त्यांच्या मागं आईबाप निघाले होते. जो तो जागा बदलून बघत होता आणि चंद्र प्रत्येकाला नव्या घरावर भेटत होता. साखराबाई नीलम्माच्या हातांची दोरी सोडत होती.

महाराज हळूच झोळी उचलून निघाले होते. माडीवाल्या किशनरावांनी ती हिसकावली, तसा आतला मोबाइल खाली पडला. पडद्यावर गावाचा नकाशा. खळ्यापासून निघालेली निळी रेघ थेट नीलम्माच्या घरावर जात होती.

"आमच्या धंद्यातलंच अ‍ॅप," शिवकन्या म्हणाली. "उभं राहायची जागा यानं आधी ठरवली आणि चुन्यानं तुम्हाला तिथं कोंडलं. कळस, त्रिशूळ, सगळं असंच. चंद्र लई दूर हाय. आपण सरकलो की घर बाजूला जातं, चंद्र तिथंच राहतो. आणि उगवताना तो धुळीतून दिसतो म्हणून लाल. रगत बिगत काही न्हाई."

"नीलम्माचंच घर कामून पण?" किशनरावांनी विचारलं.

"ती डॉक्टर आणायची म्हणून. डॉक्टर आला की ह्याचा अंगारा कोण घेणार?"

अंगदनं झेप घेऊन महाराजांची मान पकडली. पहिल्याच ठोशात त्यांचं नाक फुटलं. "पाडा ह्याचे दात!" गर्दी गरजली. ज्या काठ्या मघाशी नीलम्मावर उठल्या होत्या, त्याच आता महाराजांवर उठल्या.

"थांबा!" नीलम्मा उठून बसली होती. तोंडात रक्त होतं, शब्द अडखळत होते. "दात राहू द्या त्याचे. पोलिसासमोर बोलाया लागतील. अन् अंगदा, तूबी बोल. माझे दात चंद्रानं न्हाई पाडले."

अंगदनं महाराजांची मान सोडली. पोलिसांची गाडी आली तेव्हा तो महाराजांच्या शेजारी आपणहून चढला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. तो भोंदूला लागतो आणि मारणाऱ्यालाही मोकळं सोडत नाही.

मुलांनो, हे करून बघायला अ‍ॅप लागत नाही. पुनवेच्या संध्याकाळी अंगणात उभे राहा, चंद्र कुणाच्या घरावर आहे ते बघा, मग थोडे बाजूला सरकून पुन्हा बघा. आणि कुणी तुम्हाला म्हणालं की इथूनच बघ, जागेवरून हलू नकोस, विचारू नकोस, तर आधी तिथून हला. त्या दिवशी चौथीतली एक पोर हलली म्हणून एक बाई जगली. सारं गाव दुपारच्या मारहाणीवेळीच जागेवरून हललं असतं, तर तिचे दातही राहिले असते.