नायकाच्या मित्राचा लाल कोट

मित्रांनो, लग्नाच्या वरातीत तुम्ही मला पाहिलं असेलच, फक्त निरखून पाहिलं नसेल. सगळ्यांचे डोळे नवरदेवाच्या घोड्याकडे असतात. त्या घोड्यापुढे क्लॅरोनेट फुंकत चालणाऱ्या माणसाच्या अंगावर जो लाल कोट असतो, तो मी. माझं वय चोवीस वर्षं, म्हणजे कोटाच्या मानाने म्हातारपणच. मला गोष्ट नीट सांगता येईल का, याची खात्री नाही. पण मनात आभार फार साचले आहेत, ते कुणाजवळ तरी बोलले पाहिजेत.

लातूरच्या ईश्वरप्पा शिंप्यांनी मला शिवलं. लाल कापड नांदेडहून आलं होतं. खांद्यांवर सोनेरी झालर, पुढे पितळी बटणांच्या दोन रांगा. क्लॅरोनेट वाजवणाऱ्या हणमंतने मला पहिल्यांदा अंगात घातलं तेव्हा तो जेमतेम विशीचा होता.

"हणमंता, आता नवरदेव कोण अन् बँडवाला कोण, लोकाला कळायचं न्हाई बघ," ईश्वरप्पा म्हणाले. हणमंत लाजून आरशासमोरून बाजूला झाला.

मग आमची वर्षं सुरू झाली. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन वराती. हणमंतने सूर धरला की म्हातारी माणसंसुद्धा नाचायची. पण मांडवाचं दार आलं की आम्ही थांबायचो. आत अक्षता पडायच्या आणि आम्ही मांडवामागे, पंगती उठून आपल्याला हाक येण्याची वाट पाहत बसायचो. हणमंत मातंग समाजाचा. त्याचे वडील, आजोबा, सगळे वाजंत्री. ही मागची जागा त्यांच्याही ओळखीची होती. मला वाटायचं, कोटाचं काम असंच असतं.

पुढे डीजे आले. आमची बोलावणी कमी झाली आणि माझे बरेच दिवस पेटीत जाऊ लागले. त्याच सुमारास, दोन वर्षांपूर्वी, चाकूरला एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं.

दिग्दर्शिका देविका मॅडम नांदेडच्या, प्राध्यापकांच्या घरातल्या. त्यांच्या सिनेमात नायकाचा मित्र बँडवाला होता. त्याचं नाव भीमा. तो नायकाच्या चिठ्ठ्या पोचवायचा, त्याला हसवायचा आणि मनातल्या मनात पाटलाच्या मुलीवर प्रेम करायचा. अंबरीश नावाचा नट भीमा होणार होता. त्याच्यासाठी खरा जुना कोट हवा होता, आणि क्लॅरोनेट धरायला शिकवणारा माणूसही. दोन्ही त्यांना एकाच घरात मिळालं.

पहिल्याच दिवशी अंबरीश मला घालून थेट मांडवात शिरला आणि मुलीकडे पाहत उभा राहिला. हणमंत खाकरला.

"मॅडम, राग मानू नका. बँडवाला असा मांडवात जात न्हाई."

"का बरं?"

"का, ते मांडववाल्याला इचारा. आम्ही दारात वाजवतो अन् मागं जेवतो."

लाइट धरणारा माणूस हसला. मॅडमनी फाइलीत काहीतरी लिहून घेतलं. "अजून काही चुकलंय?"

"ह्याचं आडनाव काय हाय?" हणमंतने खाली बघत विचारलं.

"दिलं नाही. मुद्दामच. जात कशाला आणायची?"

"मंग गावात त्याचं निभायचं न्हाई, मॅडम. इथं लोक आधी आडनाव इचारत्यात, मंग पाणी देत्यात."

त्याच दिवशी मला माझं भविष्य कळलं. शेवटाकडे पाटलाची माणसं भीमाला सुऱ्याने मारणार होती. मला छातीपाशी फाडून वर रक्ताचा रंग ओतायचा होता. त्याबदली हणमंतला नवा कोट शिवून देऊ, असं मॅडम म्हणाल्या.

"घरी इचारून सांगतो," हणमंत म्हणाला.

"मीच येते घरी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या लातूरला आल्या. हणमंतची बायको पंचशीला अंगणवाडी आटोपून नुकतीच परतली होती. तिने चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "का मारता त्याला?"

"गोष्टीची गरज आहे. तो मेल्यावर नायक पेटून उठतो."

"म्हणजे मरायचं ह्यानं, अन् पेटायचं दुसऱ्यानं."

मॅडमनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "जात सांगितली तर लोक भांडतील, अशी भीती वाटली मला."

"जात सांगायला भ्यालात, अन् माणूस मारायला न्हाई?" पंचशीलाने हे मुळीच आवाज न चढवता, कपात चहा ओतत विचारलं.

मग तिने स्वतःचं सांगितलं. "आम्ही बौद्ध, हे मातंग. शहरातल्या लोकाला वाटतं, दोघांच्याबी वस्त्या गावाबाहेर, मग अडचण काय? माझा भाऊ म्हणायचा, त्यांनी देव सोडले न्हाईत, त्या घरात जाऊ नको. ह्यांची आई म्हणायची, ही आली की माझी लक्ष्मीआई उंबऱ्याबाहेर जाईल."

"मग?"

"मग काय, वीस वर्षं झाली. त्या फळीवर बुद्ध, ह्या फळीवर आत्याबाईंची लक्ष्मी. दोन्ही फळ्या मीच पुसते."

"लग्नात बँड होता?"

"कसा असंल? वाजवणारा तर आत बसला होता."

हणमंत हसला. मित्रांनो, त्यांच्या लग्नाच्या दिवशी मी विहाराच्या भिंतीवर खुंटीला होतो. हणमंत पांढऱ्या सदऱ्यात बसला होता. जेवायला तो पहिल्या पंगतीत होता. तिचा भाऊ मात्र आला नाही. त्याने बोलायला चार वर्षं घेतली.

मॅडम उठल्या तेव्हा हणमंत एवढंच म्हणाला, "कोट फाडायचा तर फाडा, मी अडवत न्हाई. पर मॅडम, मी मेलो न्हाई. तेवढं ध्यानात घ्या."

चार दिवस शूटिंग बंद होतं. ते चार दिवस मी पेटीत नव्हतो, दारामागे टांगलेला होतो, आणि ये-जा करताना पंचशीला माझ्या बाहीला हात लावून जायची. पाचव्या दिवशी नवी पानं आली. भीमाला मस्के हे आडनाव मिळालं होतं. पाटलाची मुलगी गोष्टीतून गेली होती. तिच्या जागी शेजारच्या वस्तीतली, नर्सिंग शिकणारी एक बौद्ध मुलगी आली होती. सुरा कुठेच नव्हता.

सिनेमा नांदेडला लागला तेव्हा हणमंत तिथल्याच एका वरातीतून थेट थिएटरात आला, मला अंगावर घेऊनच. शेजारी पंचशीला. शेवटी भीमा त्या मुलीच्या दारात जाऊन उभा राहतो. आतून तिचा भाऊ येतो. थिएटरात सगळे श्वास रोखून होते, कारण अशा ठिकाणी सिनेमात काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. हणमंतची छाती माझ्या आत धडधडत होती, जणू त्यालाही पुढचं ठाऊक नव्हतं. भाऊ काही बोलत नाही. बराच वेळ. मग तो दारातून बाजूला सरकतो. तेवढंच.

मागून कुणीतरी म्हणालं, "वाचला रे बाबा."

आज माझं अस्तर विरलंय, झालर काळी पडलीय. पण मी धड आहे, भीमाही धड आहे. पंचशीला दर दिवाळीत माझी बटणं घट्ट करते. मला शिवणाऱ्याचे, घालणाऱ्याचे, ऐकून घेऊन आपलं लिहिलेलं खोडणाऱ्या त्या मॅडमचे, सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी गोष्टी लिहील. तेव्हा नायकाच्या मित्राला आडनाव द्या, घर द्या. त्याचं कुणावर प्रेम असेल तर ते पूर्ण सांगा, आणि ते निभावणं अवघड असेल तर तसंही सांगा. पण केवळ नायकाला राग यावा म्हणून त्याला मारू नका. तो कुणाचा तरी नवरा असतो, आणि त्याची बायको थिएटरात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते.