बिनठिपक्यांचा शिंगाळा

मी एक जुना मासा आहे, मित्रांनो. गोड्या पाण्यातला, लांब मिशांचा शिंगाळा. गेली एकतीस वर्षं महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या बरणीत पडून आहे. इथून माणसांची अक्कल फार जवळून दिसते.

मला नदीतून आणलं तेव्हा माझ्या अंगावर काळे ठिपके होते. वर्षभरात स्पिरिटने ते पार उडवले. मग आताच्या विभागप्रमुख सरांनी एके दिवशी भिंगातून मला पाहिलं, आणि ठिपके नाहीत म्हणून चक्क नवी जात जाहीर केली! नदीवर जाऊन असा दुसरा मासा शोधण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. या शोधावर ते विभागप्रमुख झाले आणि मी दर्शनी कपाटात गेलो. पाहुणे यायचे, माना डोलवायचे. पुढे कौतुक आटलं, स्पिरिटही आटलं. माझ्या शेपटीचं टोक सुकून तुटलं, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही.

यंदा सरांच्याच हाताखालची संशोधक मुलगी आली. तीन वर्षं नदी पालथी घालूनही तिला बिनठिपक्यांचा शिंगाळा मिळाला नव्हता. तिने माझ्या मांसाचा कण घेऊन जनुकं तपासली, क्ष-किरणांखाली मणके मोजले, टाळूवरचे दात पाहिले. सगळं ठिपकेवाल्यांसारखंच निघालं. पण तिच्या पदवीच्या कागदावर सही सरांची लागणार होती. ही शेपूट घालणार, असं मी धरूनच चाललो होतो.

तिने प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या मामांना विचारलं. मला बरणीत त्यांनीच घातलं होतं.

"ठिपक्यांनी भरलेला होता गं," मामा म्हणाले. "मला कुणी विचारलंच नाही."

तिने तेही लिहिलं आणि सगळं सरांपुढे ठेवलं. सर म्हणाले, जनुकांच्या यंत्रांचा काय भरवसा.

"यंत्र राहू द्या, सर," ती म्हणाली. तिने क्ष-किरणांचं चित्र पुढे सरकवलं. "मणके तुम्ही मोजा."

सरांनी मोजले. पुन्हा मोजले. मग माझ्याकडे न बघता सही केली.

मित्रांनो, त्या जातीत इतकी वर्षं मी एकटाच होतो. नदीत माझे सख्खे भाऊबंद पोहत होते आणि इथे मला परका म्हणून मिरवत होते. म्हणून एवढंच सांगतो. कुणाला वेगळं ठरवण्याआधी, आपण त्याला कसं ठेवलंय ते आधी बघा.