मेजरांचं चित्र अडकतं

गल्लीत सगळे त्यांना मेजर म्हणत. सैन्याने त्यांना कधी मेजर केलं नव्हतं. तिथे ते कवायत शिकवणारे हवालदार. ही बढती गल्लीने परस्पर देऊन टाकली होती, आणि ती नाकारण्याइतका मनाचा मोठेपणा मेजरांना अजून जमलेला नव्हता.

निवृत्तीनंतर मधुमेह आला, त्याच्या पाठोपाठ रक्तदाब आला आणि मग माजी सैनिकांच्या दवाखान्याकडून एक खोकं आलं. त्यात साखर मोजायचं यंत्र, दंडाला बांधायचा पट्टा आणि एक टॅब्लेट. रोज सकाळी मेजरांनी बोटाला टोचून घ्यायचं, पट्टा बांधायचा. आकडे आपोआप दवाखान्यात पोचायचे. दर मंगळवारी टॅब्लेटवर नर्सबाई यायच्या.

"म्हणजे आता आजारपणसुद्धा हजेरीपटावर," बायको म्हणाली. तिने टोमणा मारला होता, पण मेजर सुखावले. हजेरी हा त्यांचा प्रांत.

आकड्यांची तक्रार नव्हती. कुरकूर होती ती शेवटच्या भागाची. "काका, आता पाय दाखवा," नर्सबाई म्हणायच्या, की मेजरांनी खुर्चीत बसून एकेक तळवा कॅमेऱ्यापुढे धरायचा. एके काळी हेच मेजर लांबच्या मार्चनंतर जवानांना रांगेत बसवून "काढा मोजे, दाखवा पाय" असं दरडावत. फोड लपवणारा पोरगा त्यांना चालीवरून ओळखू यायचा. "फोड लपवतोस? मग उद्या तुला मी उचलून नेऊ?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

तर अशा मेजरांच्या उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला, आणि त्यांनी तो लपवला.

फोड आला बुटांमुळे. दवाखान्याने मऊ, रुंद बूट दिले होते आणि दुसरं काही घालायचं नाही अशी ताकीदही. ते घातले की आपण पायात दोन पाव घालून चाललोय असं मेजरांना वाटे. म्हणून बायकोदेखत ते मऊ बूट घालून बाहेर पडत, जिन्याखाली मीटरच्या पेटीमागे दडवलेले फौजी बूट चढवत आणि टाचा आपटत चौकापर्यंत जाऊन येत. चौकातला पेपरवाला कडक सलाम ठोकायचा. एवढा खटाटोप त्या एका सलामासाठी होता, हे मेजरांनी स्वतःपाशी कबूल केलं होतं आणि लगेच स्वतःला माफही करून टाकलं होतं.

फोड दुखला नाही. 'अजून टणक आहोत,' मेजर खूश झाले. मधुमेहात पायाची जाणीव जाते, म्हणून दुखत नाही, हे नर्सबाईंनी अनेकदा समजावलं होतं. पण ते लोकांच्या पायांबद्दल असणार असं ते धरून चालले होते. फोड फुटला, जखम झाली, कडा काळसर पडली, तेव्हा मात्र त्यांना एक जुना ड्रायव्हर आठवला. त्यांच्याच तुकडीत ट्रक चालवायचा. त्याचंही करंगळीपासूनच सुरू झालं होतं. आता त्याचा पाय गुडघ्यापाशी संपत होता.

कुणीही शहाण्याने त्याच क्षणी नर्सबाईंना फोन केला असता. मेजरांनी मोजे घातले.

मंगळवार उजाडला. "काका, पाय?" म्हटल्याबरोबर त्यांना युक्ती सुचली. मागे एकदा नर्सबाईंचंच चित्र तोंड उघडं असताना अडकलं होतं. आपणही अडकायचं! पापणी न हलवता उभं राहायला त्यांनी कितीएक पोरांना शिकवलं होतं. त्यांनी तोंड अर्धवट उघडलं, एक भुवई वर नेली (तपशिलात मेजर कधी कमी पडत नसत) आणि ते गोठले.

"काका? हॅलो? अडकलं वाटतं." नर्सबाईंनी फोन बंद केला. त्यांनी परत लावला तेव्हा मेजर न्हाणीघरात शिट्टी वाजवत होते.

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा गोठले. या वेळी भुवई जास्तच झकास जमली होती. तेवढ्यात बायको धुण्याची बादली घेऊन मागून आली.

"अहो, या मोज्याला रक्त कसलं?"

मेजर स्तब्ध.

"तुमच्याशी बोलतेय मी. रक्त कसलं हे?" ती समोर आली. "अगं बाई! तोंड का वाकडं झालंय? झटका-बिटका आला की काय? अहो!" तिने खांदे धरून गदागदा हलवलं.

"अडकलोय मी," मेजर ओठ न हलवता पुटपुटले.

"कशात?"

"नेटवर्कमध्ये."

"काकू, नमस्कार," टॅब्लेटमधून आवाज आला. "तो मोजा जरा कॅमेऱ्यापुढे धरता का?"

बायकोने धरला. नर्सबाई म्हणाल्या, "काका, चित्र अडकलेल्या माणसाच्या मागचा पडदा वाऱ्याने हलत नाही. काढा मोजा. दाखवा पाय."

आवाजात अशी धार होती की मेजरांचा हात आपोआप मोज्याकडे गेला. नर्सबाई पडद्याजवळ वाकून जखम निरखू लागल्या. इतक्या वर्षांत आपणही जवानांच्या पायांकडे असेच वाकून बघायचो का, हे मेजरांना आठवेना.

"सिस्टर, पाय कापावा लागेल?"

"इथून नाही सांगता येत. आत्ताच्या आत्ता निघा, मी सर्जनना कळवते. आणि त्या पायावर उभं राहायचं नाही."

"अगं, पण जिना?" त्यांनी बायकोकडे बघितलं.

"मग काय, मी उचलून नेऊ?" ती कडाडली. तिचे डोळे मात्र भरले होते.

उचललं पेपरवाल्याने. खुर्चीसकट, एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने रिक्षावाला. सलाम ठोकायला त्याचा हात मोकळा नव्हता. जिन्याखाली वळताना खुर्ची मीटरच्या पेटीवर आदळली आणि मागून फौजी बूट घरंगळत बायकोच्या पायाशी आले. तिने एकदा बुटांकडे आणि एकदा मेजरांकडे पाहिलं. त्यापेक्षा मेजरांना ती बोललेली परवडली असती.

पाय वाचला. करंगळी गेली.

पट्टी निघाल्यावर नर्सबाईंनी त्यांना कामाला लावलं. मधुमेहवाल्या माजी सैनिकांची बैठक त्या टॅब्लेटवरच भरवत. मेजरांनी फक्त हजर राहायचं. पहिल्याच बैठकीत पाय दाखवायची वेळ आली आणि पडद्यावर वरच्या चौकोनातले मिशाळ गृहस्थ अडकले. मेजरांनी निरखून पाहिलं. भुवई यथातथाच होती. समोरच्या कपातून मात्र वाफ छान नागमोडी वर चढत होती.

"साहेब," मेजर म्हणाले, "चहा गार व्हायच्या आत मोजा काढा."

चौकोनातली मिशी थरथरली. "तुम्ही कोण मला हुकूम देणारे? हुद्दा काय तुमचा?"

मेजर हा शब्द जिभेवर अगदी तयार होता. मागे बायको घड्या घालता घालता थांबली होती.

मेजरांनी उजवा पाय उचलला, चार बोटं कॅमेऱ्याला नीट दिसतील असा धरला आणि म्हणाले, "हवालदार."

मिशाळ गृहस्थ खाली वाकले आणि मोजा काढू लागले.