शुक्रवारचा डबा

झाकणाचं रबर सुरीच्या टोकाने उचकटलं, तर खाचेत पुन्हा वाळू. काळसर, बारीक... हेमांगीने ती अंगठ्याने चोळली आणि झाकण नळाखाली धरलं. माणिकपूरहून अंधेरीला ऑफिसात जाणाऱ्या नवऱ्याच्या डब्यात वाळू कुठून येते, हे कोडं शेजारच्या सालोमीने परवाच सोडवलं होतं – "अगं, तुझे मिस्टर भर दुपारी आमच्या माहेरी राजोडीला किनाऱ्यावर बसलेले. एकटेच. सुट्टी होती काय?"

हो ना, सुट्टीच, असं मी पटकन म्हणाले... त्या पटकन म्हणण्याची तिला अजून चीड येत होती. नोकरीच गेली असणार. गेली तर गेली. घरात सांगायला काय धाड भरली होती? रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा उचलून निघायचं, आणि संध्याकाळी येऊन साहेबाच्या तक्रारी सांगायच्या!

ओट्यावर रविवार नेहमीसारखाच मांडला होता – किसलेलं गाजर, चिरलेला कोबी, वाफवलेले मूग, आठवड्याचे पाच काचेचे डबे उघडे. काकडीचं टोक कापून ती फेस येईपर्यंत घासत राहिली, कडूपणा निघतो. मीठ मात्र आधी घालायचं नाही, पाणी सुटतं, गुरुवारपर्यंत सगळं लिबलिबीत. म्हणून मिठाची पुडी वेगळी... तिचा हात थांबला. गेल्या आठवड्यातल्या पुड्या परत आल्या होत्या, तशाच बांधलेल्या. आणि हा तर मिठाशिवाय काकडीची फोड तोंडात घालत नाही. म्हणजे डबे रिकामे येत होते, पण तो खात नव्हता. मग दिवसभर त्या पाण्यासमोर बसून करतो काय?

"हेमा," जयवंत दारात उभा होता. "या वेळी चारच भर."

"का? शुक्रवारी काय आहे?"

"काही नाही गं. उगाच वाया नको."

तो हसला – कितीतरी दिवसांनी, हलकं, सगळी कामं उरकलेल्या माणसासारखं – आणि गॅलरीत गेला.

राग शोधायला गेली, तर तो जागेवर नव्हता. किती निर्धास्तपणे रागावले होते मी... त्याला पकडायचं, जाब विचारायचा, हे सगळं तो संध्याकाळी घरी येणार या भरवशावर. गॅलरीतून काही आवाज येत नव्हता. तिने कान तिकडे ठेवूनच पाचवा डबा भरायला घेतला, दाबून भरला. उद्या त्याने खोटं बोलावं, परवा बोलावं, शुक्रवारीही घरी येऊन, चपला काढता काढता साहेबाबद्दल खोटंच बोलावं... एवढंच तिला आता हवं होतं.